धुण्याचे पाणी आणि ओढ्यातील जीवसृष्टी

फाल्गुन संपत आला म्हणजे आपल्या बहुतेक ओढ्यांची धार बारीक होते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा ओढा चैत्र-वैशाखात ठिकठिकाणच्या डोहांपुरता उरतो. गुरांचे पिणे, काठच्या विहिरींचे झरे आणि गावचे धुणे ह्या सर्वांचा भार ह्या थोड्या पाण्यावर पडतो. अशा वेळी डोहात मासे मरून तरंगताना दिसले म्हणजे कोणी विष घातले असावे, असा तर्क केला जातो. क्वचित तो खराही असतो. परंतु रोज सकाळी त्याच डोहात मिसळणाऱ्या धुण्याच्या पावडरीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ह्या पावडरीचा ओढ्यातील जिवांवर काय परिणाम होतो व तो टाळण्यासाठी गावात काय करता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. पावडर मळ कसा काढते?

साबण हा तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा ह्यांपासून तयार होतो. कठीण पाण्यातील चुन्याच्या क्षारांशी त्याचा संयोग होऊन पांढरा साका बनतो व साबण वाया जातो. धुण्याच्या पावडरीतील मुख्य द्रव्य बहुधा खनिज तेलापासून बनविलेले असते. त्याचा असा साका बनत नाही, म्हणून कठीण पाण्यातही त्याचा फेस होतो. अशा द्रव्यास प्रक्षालक म्हणतात.

साबण काय किंवा प्रक्षालक काय, दोहोंच्या प्रत्येक कणास दोन टोके असतात. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलकट पदार्थास चिकटते. त्यामुळे तेलकट मळ कपड्यापासून सुटून पाण्यात मिसळतो. त्याचबरोबर पाण्याच्या पृष्ठभागावर जो ताण असतो, तो कमी होतो. ह्या ताणास पृष्ठताण म्हणतात. अपाय होतो तोही ह्याच दोन गुणांमुळे.

२. सर्वांना दाखविण्याजोगा प्रयोग

एका स्वच्छ वाटीत पाणी घ्यावे. कागदाच्या लहान तुकड्यावर शिवणाची कोरडी सुई ठेवून तो कागद अलगद पाण्यावर सोडावा. कागद भिजून बुडाला की सुई पाण्यावर तशीच राहते. आता काडीच्या टोकाने पावडरीच्या पाण्याचा एक थेंब वाटीच्या कडेस लावावा. सुई तत्काळ बुडते. सुईला तोलून धरणारा पृष्ठताण ह्या एका थेंबाने कमी झाला.

३. ओढ्यातील जिवांवर होणारे परिणाम

(अ) पृष्ठभागावरील कीटक : लांब पायांनी पाण्यावर सरकत जाणारी निवळी ह्या ताणाच्या आधारानेच चालते. ताण कमी झाला की तिचे पाय भिजतात व ती सुईप्रमाणे बुडते.

(आ) मासे : मासा कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाण्यातील प्राणवायू घेतो. प्रक्षालक ह्या त्वचेवरील बुळबुळीत थर काढून टाकते व त्वचेस इजा करते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. लहान पिलांस हा त्रास अधिक होतो.

(इ) दगडाखालील जीव : वाहत्या पाण्यातील दगड उलटून पाहिल्यास त्याखाली शेपटाला दोन-तीन तंतू असलेल्या अळ्या, वाळूच्या कणांची घरे करून राहणाऱ्या अळ्या व गोगलगाई आढळतात. हेच माशांचे मुख्य खाद्य होय. माव्यावर साबणाचे पाणी फवारले असता मावा मरतो, हे आपणांस ठाऊक आहे. किडीच्या अंगावरील मेणकट आवरण व पेशींची आवरणे जे द्रव्य मोडते, ते ओढ्यात शिरल्यावर उपयुक्त कीटकांची गय करील कसे?

(ई) प्राणवायू : आजची बहुतेक प्रक्षालके जंतूंकडून कुजविली जातात, परंतु ह्या कामी पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. हवेतून नवा प्राणवायू पाण्यात मिसळण्याचा वेगही प्रक्षालकाने मंदावतो. उन्हाळ्यात ऊन पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. डोहाच्या तळाच्या चिखलात तो नसला, तर नेहमीच्या वापरातील प्रक्षालक तेथे जवळजवळ कुजतच नाही व साचून राहते.

(उ) शेवाळ : बाजारातील काही पावडरींत फॉस्फेट असते. पिकास स्फुरद मिळाले म्हणजे ते जोमाने वाढते, तसेच शेवाळही वाढते. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात एका लहान तळ्याचे पडदा घालून दोन भाग करण्यात आले. दोहोंत कर्ब व नत्र घातले. स्फुरद मात्र एकाच भागात घातले. त्याच भागाचे पाणी शेवाळाने हिरवेगार झाले. शेणाचे व खताचे वाहून आलेले पाणीही ओढ्यात स्फुरद आणते, म्हणून सर्व दोष पावडरीस देणे योग्य नाही. पण भर पडते ती पडतेच.

४. इतर देशांचा अनुभव

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप व अमेरिकेत प्रक्षालकांचा वापर झपाट्याने वाढला. त्या वेळच्या प्रक्षालकाच्या कणाची शेपटी फाटे फुटलेली होती व जंतूंना ती सहज तोडता येत नसे. त्यामुळे नद्यांवर फेसाचे ढीग साचू लागले. पश्चिम जर्मनीने १९६१ साली ह्यासंबंधी कायदा केला व १९६४ पासून तो अमलात आला. अमेरिकेतील कारखानदारांनी १९६५ साली सरळ शेपटीचे, कुजणारे द्रव्य वापरण्यास आरंभ केला. फेस पुष्कळ कमी झाला. मात्र कुजण्यास वेळ व प्राणवायू लागतो. धुण्याच्या दगडाखालीच असलेल्या डोहास ह्यांपैकी एकही पुरेसा मिळत नाही.

५. आपल्या ओढ्याचा हिशेब

एका गावात ४० घरे ओढ्यावर धुणे धुतात व प्रत्येक घर रोज ३० ग्रॅम पावडर वापरते, असे धरू. एकूण पावडर १,२०० ग्रॅम झाली. तीत शेकडा १५ भाग प्रक्षालक धरल्यास ते १८० ग्रॅम, म्हणजे १,८०,००० मिलिग्रॅम होते.

उन्हाळ्यात धारेखाली १५ लिटरची बादली १५ सेकंदांत भरत असेल, तर प्रवाह सेकंदाला १ लिटर आहे. सकाळच्या चार तासांत १४,४०० लिटर पाणी वाहते. म्हणजे दर लिटरला साडेबारा मिलिग्रॅम प्रक्षालक आले. पावसाळ्यात प्रवाह सेकंदाला ५०० लिटर असेल, तर हेच प्रमाण पाचशेपट कमी होते.

सरळ शेपटीच्या नेहमीच्या प्रक्षालकाने अनेक जातींचे मासे व बारीक जलजीव लिटरला १ ते १० मिलिग्रॅम प्रमाणातच मरतात, असे प्रयोगशाळेतील कसोट्यांत दिसून आले आहे. काही भाग माती व मळास चिकटून निष्प्रभ होतो हे खरे. तरीही श्रावणात निरुपद्रवी असलेली सवय वैशाखात घातक का ठरते, हे ह्या हिशेबावरून स्पष्ट होईल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने अशा द्रव्याची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम, व दुसरा स्रोत नसेल तेथे १ मिलिग्रॅम ठरविली आहे.

उन्हाळ्यातील डोह म्हणजे ओढ्याचे बियाणे होय. मृगाचे पाणी आल्यावर तेथूनच मासे व कीटक सर्व ओढ्यात पसरतात. डोहातील जीव मेले, तर पुढील वर्षाचे बीजच नष्ट झाले असे समजावे. डासांच्या अळ्या खाणारे लहान मासेही त्यांत आले.

६. उपाय

(१) माघ ते ज्येष्ठ ह्या काळात डोहात धुणे धुऊ नये. काठापासून दूर, पाणी पुन्हा ओढ्यात उतरणार नाही अशा जागी, ग्रामपंचायतीने धुण्याचा कट्टा बांधावा. धुण्याचे काम बहुधा भगिनींवर असते. तेव्हा जागा, पाण्याची सोय व सावली ह्यांविषयी प्रथम त्यांचे मत घ्यावे. पाण्याची सोय न करता केवळ मनाई केल्यास ती टिकणार नाही.

(२) कट्ट्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे. खड्ड्यात खाली मोठे व वर लहान दगड भरावेत आणि तोंडाशी गाळ अडविणारे भांडे बसवावे. विहिरीपासून तो दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. तेथे मुरूम लागेपर्यंत खोदावे किंवा कर्दळ, अळू व केळी ह्यांच्या वाफ्यांत पाणी आलटून पालटून सोडावे. रोज एकाच वाफ्यात सोडल्यास पावडरीतील सोडियममुळे जमीन चोपण होते.

(३) पावडर मोजून वापरावी. फेस अधिक म्हणजे कपडा अधिक स्वच्छ, हा समज चुकीचा आहे. फॉस्फेट नसलेली पावडर मिळाल्यास ती घ्यावी.

(४) फवारणीचा पंप ओढ्यात कधीही धुऊ नये. औषध पानावर पसरावे म्हणून मिसळलेली द्रव्ये ह्याच वर्गातील असतात. ग्लायफोसेट तणनाशकाच्या काही मिश्रणांतील असे द्रव्य मूळ तणनाशकापेक्षाही मासे व बेडकांची पिले ह्यांस अधिक घातक असल्याचे आढळले आहे. पंप धुतलेले पाणी शेतातच, पाण्यापासून दूर टाकावे.

(५) रिठा नैसर्गिक आहे म्हणून तो डोहात चालेल, असे मानू नये. मत्स्यतळ्यातील नको असलेले मासे मारण्यास मोहाची पेंड वापरतात. तिच्यातील मारक द्रव्य व रिठ्यातील फेस देणारे द्रव्य एकाच गटातील होत. रिठ्याचे पाणीही जमिनीवरच जिरवावे.

७. फेस पाहून काय ओळखावे?

पहिल्या पावसात कुजलेल्या पाल्यामुळेही फेस येतो. तो तपकिरी असतो व त्यास मातीचा वास येतो. पावडरीचा फेस पांढरा व सुवासिक असतो आणि धुण्याच्या वेळी वाढतो. मात्र फेस नाही म्हणजे पाणी निर्धोक, असे समजू नये. खरी परीक्षा दगडाखाली होते. धुण्याच्या जागेच्या वर व खाली दहा-दहा दगड उलटून त्याखालील जीव मोजावेत. खाली ते फारच कमी भरले, तर गावाने वेळीच सावध व्हावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुईचा प्रयोग व दगडांची मोजणी शाळेतील मुलांकडून करून घ्यावी. त्यांनीच लिहिलेले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. होळीपूर्वी हे काम झाले, तर त्याच वर्षीचे डोह वाचविता येतील.