फी नाही म्हणजे फुकट नाही

इचलकरंजीत जर्मनीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, “तिथं शिक्षण फुकट हाय की!” हे खोटं नाही. बहुतेक राज्यांतली सरकारी विद्यापीठं शिकवण्याची फी घेत नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानंही २०२४ पासून फी लावली आहे. मी टेक्स्टाईलचं मास्टर्स म्योन्शनग्लाडबाखच्या होखशूल नीडरऱ्हाईनमधून केलं. आता गावाकडून फोन येतात, “ताई, कुठं अर्ज करू?” त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

१. आधी प्रयोगशाळा बघा, मग रँकिंग.

माझ्या कॉलेजचं नाव जागतिक याद्यांत शोधून सापडणार नाही. ते फाखहोखशूल, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर देणारं महाविद्यालय. तिथं प्राध्यापक व्हायचं तर विद्यापीठाबाहेर काही वर्षं नोकरी केलेली असावीच लागते. म्योन्शनग्लाडबाखला एके काळी ऱ्हाईनलँडचं मँचेस्टर म्हणत. महाराष्ट्राच्या मँचेस्टरमधून आलेल्या मुलीला आणखी काय हवं? सूतगिरणीतल्या कार्डिंग मशीनवर लहानपणापासून ‘ट्रुट्झलर’ हे नाव वाचत आले होते, त्या कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. नातेवाइकांना मात्र म्युनिक किंवा बर्लिन ऐकायचं असतं. आत्याला अजूनही त्या जर्मन गावाचं नाव घेता येत नाही. तिचं काही अडलेलं नाही, माझंही नाही.

२. पैशाचं गणित वर्षावर नको, महिन्यावर मांडा.

व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच पैसे भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. घरचे हा आकडा बघून हबकतात, पण खरा आकडा वेगळाच आहे. त्या खात्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो सुटतात. त्यातून विद्यार्थी वसतिगृहाच्या खोलीचं भाडं तीनशे-चारशे, आरोग्य विमा सव्वाशे-दीडशे, शिवाय दर सेमिस्टरला सुमारे तीनशे युरोंची वर्गणी. या वर्गणीत बस-रेल्वेचा पास येतो, तेवढा दिलासा. उरलेल्यात डाळ-तांदूळ, फोन आणि हिवाळ्याचे बूट. वसतिगृह मिळालं नाही आणि बाहेर पाचशे-सहाशेची खोली घ्यावी लागली तर सगळं गणित कोलमडतं. म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न बघता वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव घालता येतं का ते बघा.

शिकताना काम करता येतं. २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे. पण ती कमाई धरून कर्जाचा हिशेब करू नका. काम मिळेपर्यंत पहिलं सेमिस्टर सरतं आणि परीक्षेच्या महिन्यात काम सोडावंच लागतं.

३. एजंट पैसे घेत नसेल, तर त्याला कोण पैसे देतंय ते विचारा.

सरकारी विद्यापीठं सहसा दलाली देत नाहीत, काही खासगी देतात. त्यामुळे ज्या मुलाला फुकट शिकता आलं असतं, त्याच्यापुढं वर्षाला हजारो युरो फीच्या खासगी कॉलेजचं माहितीपत्रक ठेवलं जातं, तेही “तुमच्या मार्कांना एवढंच मिळेल” या प्रेमळ धाकासकट. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या संकेतस्थळावर पुष्कळ अभ्यासक्रम फीसकट सापडतात. एक रविवार तिथं घालवा.

४. सात सीजीपीए म्हणजे किती, हे पासिंगवर ठरतं.

जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ४ म्हणजे काठावर पास. (पहिल्या परीक्षेत १.७ मिळाले असं फोनवर सांगितलं तेव्हा आई जरा वेळ गप्पच झाली होती.) आपले गुण तिकडच्या पद्धतीत बदलताना पास होण्याची किमान पातळीही धरतात. दहापैकी सात असतील आणि पासिंग चारला असेल तर २.५ होतात. पासिंग पाचला असेल तर त्याच सातचे २.८. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट असते २.५ किंवा त्याहून चांगले. तेव्हा किमान पासिंग गुण स्पष्ट लिहिलेला कागद आपल्या विद्यापीठातून आधीच काढून घ्या. परीक्षा विभागाच्या खिडकीवर त्यासाठी किती हेलपाटे पडतात ते तुम्हाला माहीत आहेच.

५. कोर्स इंग्रजीत असतो, गाव जर्मनमध्ये.

“इंग्लिश टॉट आहे, जर्मन लागत नाही” हे वाक्य वर्गाच्या दारापर्यंतच खरं आहे. आमच्या लॅबमध्ये एकदा रॅपियर मागावर ताण्याचा धागा सारखा तुटत होता. लॅबचे मास्टर साठीकडे झुकलेले, इंग्रजीचा एक शब्द न बोलणारे. मी काकांच्या कारखान्यात पाहिलेली विणकराची गाठ मारली आणि टोकं दातांऐवजी कात्रीनं तोडली. त्यांनी चष्मा वर करून गाठ बघितली आणि “गूट” म्हणाले. मग त्यांनी विचारलं, धागा का तुटतोय? उत्तर मला माहीत होतं. धाग्याला खळ (सायझिंग) कमी बसली होती आणि बीमवर ताण जास्त होता. पण माझ्या जर्मनमध्ये भाजी घेण्यापुरतेच शब्द होते. शेजारच्या तुर्की मुलाला मी इंग्रजीत सांगितलं, त्यानं त्यांना जर्मनमध्ये समजावलं. पुढच्या सेमिस्टरला लॅबमध्ये सहायकाची जागा निघाली, ती त्याला मिळाली. त्यात अन्याय काहीच नव्हता.

जर्मनची बी१ पातळी तरी इथूनच करून जा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे, आता ऑनलाईन वर्गही आहेत. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ते महिने भाषा शिकण्यात घालवणारे आणि मुलाखती देण्यात घालवणारे, असे दोन सरळ गट पडलेले मी पाहिले आहेत.

६. तिथं तुम्हाला कोणी विचारत नाही.

बहुतेक लेक्चरना हजेरी नाही, युनिट टेस्ट नाही, सबमिशनसाठी मागे लागणारे सर नाहीत. सेमिस्टरच्या शेवटी एकच पेपर, त्याची नावनोंदणीही स्वतः मुदतीत करायची. एका विषयाला साधारण तीन संधी असतात. सक्तीच्या विषयात तिन्ही गेल्या तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही सहसा करता येत नाही. आपल्याकडची एटीकेटीची सवय तिथं महागात पडते. बारावीपर्यंत क्लास आणि इंजिनिअरिंगला शेवटच्या रात्रीच्या नोट्स, अशी घडण झालेल्या हुशार मुलांना मी दुसऱ्याच सेमिस्टरला गोंधळलेलं पाहिलं आहे. फी न घेणारी व्यवस्था तुमच्याकडून स्वतःला हाकण्याची ताकद वसूल करते. ही किंमत माहितीपत्रकात छापलेली नसते.

७. नोव्हेंबरची तयारी ठेवा. साडेचार-पाचलाच अंधार पडतो आणि रविवारी दुकानं बंद असतात. अशा दिवसांत एकटं पडू नये म्हणून त्याआधीच, गणपतीत, जवळच्या मोठ्या शहरातल्या मराठी मंडळात एकदा जाऊन या. तिथल्या ओळखी खोली शोधतानाही कामी येतात.

८. कोणी जाऊ नये?

शेजारचा गेला म्हणून जाणाऱ्यानं, आणि घरचं एकुलतं राहतं घर तारण ठेवून “दोन वर्षांत फेडतो” म्हणणाऱ्यानं. आपल्या विषयातलं उत्तम शिक्षण मुंबईच्या आयसीटीत किंवा आयआयटीत मिळत असेल तर तिथंच शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. परदेश नंतर नोकरीच्या वाटेनंही गाठता येतो.

ज्यांचं ठरलं आहे त्यांनी आधी एपीएसचा अर्ज करा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं पडताळल्याचं हे प्रमाणपत्र विद्यार्थी व्हिसासाठी लागतंच. ते हाती यायला काही आठवडे जातात, आणि हिवाळी सत्राच्या अर्जाची मुदत पुष्कळ ठिकाणी १५ जुलैला, काही ठिकाणी तर मार्चमध्येच संपते.