छपरावरचे डेड ग्राउंड

नकाशावाचनाच्या तासाला आपण सर्वांनी 'डेड ग्राउंड' शिकले आहे. टेकडीवरच्या निरीक्षकाला मध्ये आलेल्या उंचवट्यामुळे जो भाग दिसत नाही, तो त्याच्यासाठी डेड ग्राउंड. या लेखात निरीक्षकाच्या जागी सूर्य आहे आणि टेकडीच्या जागी आपल्या मेसचा स्लॅब. छपराचा जो भाग सूर्याला दिसत नाही तिथे सावली असते आणि तिथे सौर पॅनेल बसवून फारसा उपयोग नसतो. अडचण एवढीच, की हा निरीक्षक एका जागी उभा राहत नाही.

या सत्रात आमच्या विज्ञान मंडळाने मेसच्या छपराची पाहणी केली. ड्रोन आम्ही उडवला नाही. रिमोट पायलट प्रमाणपत्र २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे १८ वर्षांखालील मुलांना मिळत नाही. रीतसर परवानगी काढून प्रमाणपत्रधारक चालकाने उड्डाण केले. जमिनीवरच्या खुणा, टेप आणि नंतरचे संगणकावरचे काम मात्र आमचे. (पालकांनी काळजी करू नये, छपरावर आम्ही सरांबरोबरच चढलो.)

शेतात नांगराची तासे जशी शेजारी शेजारी पडतात, तसा ड्रोन ६० मीटर उंचीवरून ये-जा करत फोटो काढतो. प्रत्येक फोटोचा सुमारे ८० टक्के भाग आधीच्या फोटोतही असतो. मला आधी हा अपव्यय वाटला होता. पण 'इंटरसेक्शन' आठवा: दोन माहीत असलेल्या ठिकाणांहून एकाच वस्तूचे बेअरिंग घेतले की तिची जागा कळते. टाकीचा एकच कोपरा आठ-दहा फोटोंत वेगवेगळ्या जागांवरून दिसतो, म्हणून संगणक त्याची जागा आणि उंचीही काढतो. असे लाखो बिंदू मिळून सरफेस मॉडेल तयार होते. आपल्या नकाशातल्या समोच्च रेषा जमिनीची उंची दाखवतात. हे मॉडेल टाकी, कठडा, झाडाचा शेंडा, जे काही वर असेल त्याची उंची दाखवते. आमच्या कॅमेऱ्यात एका चित्रकणात सुमारे १.६ सेंटिमीटर जागा मावत होती, त्यामुळे पाण्याचा पाइपही सुटला नाही.

उंची कळली की पुढचे काम दहावीच्या त्रिकोणमितीचे. सावलीची लांबी म्हणजे वस्तूची उंची भागिले सूर्याच्या उन्नत कोनाचा टॅन. हिशेब २२ डिसेंबरचा करायचा, कारण त्या सुमारास दुपारचा सूर्य सर्वांत खाली असतो. आपली शाळा राजस्थानात, सुमारे २६.५ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून त्या दिवशी मध्यान्हीचा कोन ९० वजा २६.५ वजा २३.५, म्हणजे ४० अंश. दीड मीटरच्या टाकीची सावली मध्यान्हीला १.८ मीटर पडते आणि सौर वेळेप्रमाणे तीन वाजता ३.४ मीटर. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच गणित प्रत्येक बिंदूसाठी करता येते.

थोड्याशा सावलीचा एवढा बाऊ का? पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात. फाइलमधला एक कॅडेट लंगडला तर मागच्या सगळ्यांची चाल मंदावते, तसा एका पॅनेलवरच्या सावलीने पूर्ण ओळीचा प्रवाह कमी होऊ शकतो. बायपास डायोड थोडा बचाव करतात, पूर्ण नाही.

नुसत्या फोटोवर मेसचा स्लॅब ४२० चौरस मीटर भरला. टाक्या, जिन्याची खोली, ये-जा करायची वाट आणि सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेतली सावली वजा करता उरले २६० चौरस मीटर. एका किलोवॅटला ढोबळ मानाने १० चौरस मीटर धरतात, म्हणजे २६ किलोवॅट. सर्वांत जास्त जागा खाल्ली ती नैर्ऋत्येच्या कडुलिंबाने, आणि वरून पाहिले तर त्याची एकही फांदी छपरावर नाही! स्वयंपाकघराच्या धुराड्याची काजळी कुठवर उडते हे मात्र मॉडेलने सांगितले नाही. ते मेसच्या काकांनी सांगितले. स्लॅबला किती वजन पेलेल, हेही ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी अभियंताच हवा.

हे सगळे मला घरच्यासाठीही हवे होते. आमच्या साताऱ्याच्या घरावर सोलर बसवायचे चालले आहे. स्लॅब ९ बाय ६ मीटर. ३ किलोवॅटला 'पीएम सूर्यघर' योजनेत ७८,००० रुपये अनुदान मिळते, २ किलोवॅटला ६०,०००. ठेकेदार म्हणतो ३ बसवा, पण नैर्ऋत्येचा आंबा तोडावा लागेल. तो आंबा आजोबांनी लावलेला.

तिथे ड्रोन नाही, पण रीत तीच. बाबांनी काठी रोवून तिची आणि झाडाची सावली एकाच वेळी मोजली आणि रविवारच्या फोनवर आकडे सांगितले. शेंडा स्लॅबच्या ५ मीटर वर येतो. साताऱ्याला २२ डिसेंबरला सौर वेळेचे तीन, म्हणजे आपल्या घड्याळात सुमारे साडेतीन वाजता सूर्य ३० अंशांवर असतो. शेंड्याची सावली ईशान्येकडे ८.७ मीटर जाते. झाड कोपऱ्यापासून ४ मीटर दूर आहे, तेव्हा स्लॅबचा साधारण तिसरा हिस्सा जातो. टाकी आणि जिना सोडून उरतात २४ चौरस मीटर. त्यात २ किलोवॅट बसते. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला २४०, आणि आमचे बिल १८० युनिटांच्या वर जात नाही. मग तिसरा किलोवॅट कोणासाठी?

एक प्रश्न उरतो. पॅनेल २५ वर्षे टिकतात आणि आंबा तोवर वाढणार. आजी म्हणाली, "वरच्या फांद्या छाटा, पण फळ उतरल्यावर." बाबा २२ डिसेंबरला साडेतीन वाजता स्लॅबवर सावलीच्या कडेने खडूची रेघ मारणार आहेत. ती माझ्या आकड्याशी किती जुळते ते पाहूनच ते ठेकेदाराशी बोलतील.