वार्धक्यातील मेदोधातू आणि रक्तसंचार

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातून येणारा वृद्ध रुग्ण बहुधा कृश दिसतो. त्यास बृंहणयोग्य मानून आम्ही अनेक वर्षे घृतयोग देत आलो; तो निर्णय आज आम्हांस घाईचा वाटतो.

मेदोधातू हा निष्क्रिय साठा नव्हे. भोजनोत्तर त्यातील रक्तप्रवाह वाढतो आणि आहारातील स्नेहांश तेथे साठविला जातो. वाढत्या वयात त्यातील केशवाहिन्या विरळ होत जातात. इन्सुलिनची परिणामकता घटलेली असल्यास भोजनोत्तर प्रवाहवाढही मंदावते. तेथे न सामावलेला स्नेह यकृत, मांसधातू व उदराकडे वळतो. हातपाय वाळतात, पोट सुटते. चरकांनी स्थौल्यात वर्णिलेला मेदकृत मार्गावरोध येथे आठवतो. दोन्ही एकच, असा आमचा आग्रह मात्र नाही.

कृश देहात दडलेल्या मेदाचे उदाहरण पुण्याचेच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी मांडली. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२!

म्हणून बृंहणापूर्वी कमरेस फीत लावावी. घेर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सें.मी.हून अधिक भरल्यास घृत थांबवून प्रथम रक्तशर्करा तपासून घ्यावी.