नळाची चावी व रिकामी नळी

पाणीपुरवठ्याचा पाठ बहुधा तोटीपाशी सुरू होतो व तोटीपाशीच संपतो. तोटीच्या मागे, भिंतीलगत अथवा जमिनीतील लहानशा खड्ड्यात, इमारतीचे सारे पाणी बंद करणारी चावी असते. हे मुलांस सहसा ठाऊक नसते. पुष्कळदा शाळेतील मोठ्यांसही नसते. नळ फुटल्यावर तिचा शोध सुरू होतो, आणि सापडते तेव्हा ती गंजून घट्ट बसलेली असते.

उल्हास नदीकाठच्या तीन गावांचे उदाहरण या पाठास सोयीचे आहे. बदलापूर येथील बंधाऱ्याचे पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बदलापूर व अंबरनाथ येथे पुरविते. उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी. १९४७ नंतर सिंधमधील निर्वासित तेथे वसले व १९४९ साली वसाहतीस नदीवरून नाव मिळाले. तेथे मुख्यत्वे औद्योगिक विकास महामंडळाचे पाणी येते, व त्यास बारवी धरणाचा आधार आहे. तिन्ही ठिकाणी पाणी अहोरात्र नसते. रस्त्यावरील चाव्या फिरवून ते भागाभागाने, ठरावीक वेळी सोडले जाते. एका गल्लीची चावी उघडते तेव्हा दुसरीची बंद झालेली असते.

चावीचे दोन प्रकार मुलांस दाखवावेत. चक्राच्या चावीत आट्यांच्या दांड्यास जोडलेली झडप वरखाली सरकते. ती पूर्ण उघडी अथवा पूर्ण बंद ठेवावी, अर्धवट ठेवल्यास झडपेची बैठक झिजते. दुसरीत भोक असलेला गोळा असतो. दांडी नळीच्या दिशेत असेल तर पाणी चालू, आडवी असेल तर बंद. ही चावी पाव फेऱ्यात मिटते, म्हणून ती सावकाश फिरविण्याची सवय लावावी. वाहते पाणी एकाएकी अडविल्यास नळीत धक्का बसतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९८ साली मॉस्कोच्या नळांवर या धक्क्याचा अभ्यास केला. लोखंडी नळीत सेकंदास एक मीटर वेगाचे पाणी क्षणात थांबले, तर सुमारे १०० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब वाढू शकतो.

परंतु आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याहून निराळा आहे. चावी बंद झाली की पुढील नळी भरलेली राहत नाही. उतारावरचा नळ पाणी ओढून घेतो, कोणी नळास पंप लावतो, आणि नळीतील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो. नळी गटाराजवळून जात असेल व सांधा सैल असेल, तर घाण आत शोषली जाते.

हे वर्गात दाखविणे अवघड नाही. उंचावर पाण्याची बाटली ठेवून तिच्या तळातून पारदर्शक रबरी नळी काढावी. नळीचा मधला भाग बाकावरील रंगीत पाण्याच्या भांड्यात बुडवावा व तेथे जाड सुईने तीन-चार भोके पाडावीत. दुसरे टोक काठावरून खाली बादलीत सोडावे. प्रथम नळी पूर्ण भरू द्यावी व खालचे टोक चिमटून धरावे. भोकांतून स्वच्छ पाणी बाहेर पडते, रंग आत शिरत नाही. मग बाटलीजवळ नळी चिमटावी व खालचे टोक सोडावे. थोड्याच वेळात बादलीत रंगीत पाणी उतरू लागते. मुलांना कारण आधी सांगू नये. त्यांनी तर्क करावा. काही जण रंग बाटलीतून आला असे म्हणतील, त्यांस बाटली पाहू द्यावी.

शाळेपुरते काम थोडेच आहे. चावीची जागा भिंतीवर रंगाने खूण करून दाखवावी व किमान दोन शिक्षकांस ती ठाऊक असावी. महिन्यातून एकदा ती पूर्ण मिटवून उघडावी, म्हणजे गंज धरणार नाही. खड्ड्यावर झाकण असावे. मुलांस आत उतरू देऊ नये. पाणी आल्यावर पहिल्या धारेचे गढूळ पाणी पिण्याच्या टाकीत न घेता झाडांस सोडावे, आणि पाणी स्वच्छ दिसले तरी ते शुद्ध आहे असे न मानता क्लोरीनची तपासणी नित्य करावी.