दुधातील साय आणि एका अभियंता स्त्रीचे चरित्र
(इयत्ता सहावी व सातवीसाठी पाठपूरक लेख)

नेसरी परिसरातील कोणत्याही गावी सकाळी दूध संस्थेच्या दारात घटकाभर उभे राहावे. किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्यांत आपल्या शाळेतील मुलेमुली हटकून दिसतात. "आज फॅट किती लागली?" हा प्रश्न चौथीतील मुलासही परिचित आहे. आता फॅट यंत्रावर क्षणार्धात दिसते. परंतु पूर्वीची गर्बर पद्धती जुन्या शिक्षकांस आठवत असेल. काचेच्या ब्यूटिरोमीटर नळीत दूध, गंधकाम्ल व आमिल अल्कोहोल घालून त्या नळ्या एका चक्रात बसवीत व चक्र गरगरा फिरवीत. स्निग्धांश नळीच्या अरुंद भागात जमा होई आणि तो आकड्यांवरून वाचला जाई. प्रस्तुत पाठाचा आरंभ या चक्रापासून करावा, अशी आमची सूचना आहे. ज्या स्त्रीचे चरित्र येथे सांगावयाचे आहे, तिची कारकीर्द अशाच फिरत्या यंत्रांच्या सहवासात गेली.

दूध स्थिर ठेवले असता साय वर येते, हे मुलांना घरी दिसतेच. स्निग्धांशाचे कण पाण्याहून हलके असल्यामुळे ते वर चढतात. परंतु त्यास कित्येक तास लागतात. स्वीडनमधील गुस्ताफ द लावाल (१८४५-१९१३) या अभियंत्याने १८७८ मध्ये साय अखंडपणे वेगळी काढणारे यंत्र सिद्ध केले. यंत्रातील भांडे मिनिटाला हजारो फेरे घेते. जड भाग कडेकडे फेकला जातो, हलकी साय आसाजवळ राहते आणि दोन्ही निरनिराळ्या तोट्यांतून बाहेर पडतात. पुढे भांड्यात शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्या एकावर एक रचण्याची युक्ती निघाली आणि यंत्राची शक्ती कित्येक पटींनी वाढली. त्या चकत्यांचे नाव 'आल्फा'. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या लावाल यांच्या कंपनीने १९६३ मध्ये 'आल्फा-लावाल' हे नाव धारण केले. आपला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजेच 'गोकुळ', हाही १९६३ सालचाच. हा केवळ योगायोग, पण मुलांच्या स्मरणात राहील असा.

प्रयोग वर्गात करून दाखवावा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन लहान बाटल्यांत हळद घातलेले पाणी व थोडे गोडे तेल घेऊन बुचे घट्ट लावावीत व दोन्ही सारख्याच जोराने हलवाव्यात. एक बाटली मेजावर ठेवावी. दुसरीच्या गळ्यास बळकट दोरी बांधून मोकळ्या मैदानावर, मुलांना दूर उभे करून, ती गोल फिरवावी. नंतर दोन्हींची तुलना करावी. पेल्यात चहाची भुकटी घालून पाणी ढवळण्याचा प्रयोग मात्र टाळावा. ती भुकटी जड असूनही तळाशी मध्यभागी गोळा होते. त्याचे कारण निराळे आहे. तळाच्या घर्षणामुळे तेथील पाणी आत वळते. मुलांनी नेमके उलट अनुमान काढले की शिक्षकाची पंचाईत होते. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग ओढवलेला आहे.

आता चरित्राकडे वळू. श्रीमती लीला पूनावाला यांचा जन्म १९४४ मध्ये सिंध प्रांतातील हैदराबाद येथे झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. फाळणीनंतर हे कुटुंब निर्वासित म्हणून पुण्यास आले आणि मुलांच्या संगोपनाचा भार आईवर पडला. फाळणी हा शब्द पाठ्यपुस्तकात एका ओळीत येऊन जातो. येथे थोडे थांबून, घरदार सोडून परक्या गावी आलेल्या विधवेच्या घरात शिक्षणास कोणते स्थान उरत असेल, हे मुलांना विचारावे. उत्तरे त्यांच्याकडूनच येऊ द्यावीत.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा इतिहास १८५४ पासूनचा आहे. तेथून १९६७ मध्ये लीलाबाईंनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. त्या शाखेची पदवी तेथून घेणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचा उल्लेख होतो. मद्रासजवळच्या गिंडी येथे ए. ललिता यांनी १९४० च्या दशकातच विद्युत अभियांत्रिकी पूर्ण केली होती, हे येथे सांगितले पाहिजे. अन्यथा 'पहिली' या शब्दाचा मुलांच्या मनात गोंधळ होतो. यंत्रशाखा तर स्त्रियांपासून अधिकच दूर मानली जाई. लोखंड, तेल, भट्टी आणि पाळ्यांचे काम तेथे.

पुण्यातील रस्टन अँड हॉर्न्सबी कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. तेथेच फिरोज पूनावाला यांची ओळख होऊन पुढे विवाह झाला. पतिपत्नींनी एकाच कंपनीत नोकरी करू नये, असा तेथील नियम असल्यामुळे त्यांनी ती नोकरी सोडली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. नंतर त्या दापोडी येथील व्हल्कन-लावाल कारखान्यात प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणून रुजू झाल्या. हीच कंपनी पुढे आल्फा लावाल (इंडिया). १९८७ मध्ये त्या तिच्या सर्वोच्च पदावर पोहोचल्या. पदवीपासून या पदापर्यंत वीस वर्षे लोटली होती. हा आकडा फळ्यावर लिहावा. चरित्रपाठात आपण जन्म, पदवी आणि सन्मान सांगतो व मधली वर्षे गाळतो. कारखान्यातील काम मात्र त्या मधल्या वर्षांतच झालेले असते. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २००१ मध्ये त्या कंपनीतून निवृत्त झाल्या. तत्पूर्वीच, १९९० च्या दशकात, गुणवान परंतु गरीब मुलींना उच्च शिक्षणासाठी साह्य करणारी संस्था त्यांनी पतीसह स्थापन केली होती. सातवीपासूनच मुलींना हात देणारा उपक्रमही ती संस्था चालविते.

सातवीचा उल्लेख आम्ही हेतुपुरस्सर केला आहे. आपल्या पुष्कळ शाळांचा शेवटचा वर्ग तोच. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील गणितात निष्णात अशा एका मुलीचे वडील दाखला मागण्यास आले. "पुढची शाळा लांब आहे, आणि पोरीला काय यंत्रं चालवायची आहेत?" असे ते म्हणाले. मी दाखला लिहून दिला. शाई वाळेपर्यंत ते उभे होते. तेवढ्या अवधीत मी एक अक्षरही बोललो नाही. बोलण्यासारखे उदाहरण त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःस सांगत असे. ते खरे नव्हते. लीलाबाई त्या वेळी कंपनीच्या प्रमुख होत्या. मी त्यांच्याविषयी वाचले नव्हते, इतकेच.

'त्या तर पुण्याच्या' असा आक्षेप कोणी पालक घेईल. त्यांना लीना नायर यांचे नाव सांगावे. त्यांचा जन्म १९६९ मध्ये आपल्या कोल्हापुरातच झाला. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेऊन त्या १९९२ मध्ये हिंदुस्तान लीव्हरमध्ये दाखल झाल्या आणि २०२२ च्या आरंभी शनेल या जगप्रसिद्ध कंपनीच्या मुख्याधिकारी झाल्या.

सरनौबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सहकारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत धारातीर्थी पडले. तो पाठ शिकविण्यास आम्हांस तयारी करावी लागत नाही. मुलेच तो सांगतात. या पाठास मात्र दोन तासिका राखून ठेवाव्यात, पहिली प्रयोगास व दुसरी चरित्रास. शक्य झाल्यास दोहोंच्या मध्ये गावच्या दूध संस्थेत वर्ग न्यावा आणि यंत्राजवळ मुलींना पुढे उभे करावे. रांगेत त्या बहुधा मागे राहतात, आणि मागून यंत्र दिसत नाही.