बोलता येणे हेही शिक्षणच



पदवी हातात पडली म्हणजे शिक्षण पूर्ण झाले, अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविलेले असते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु जे कागदावर लिहिता आले ते चार माणसांपुढे सांगता येते काय, हे कोणी विचारीत नाही. तो प्रश्न मुलाखतीच्या खोलीत पहिल्यांदा समोर येतो, आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. मी कला शाखेचा पदवीधर. लिपिक पदाची लेखी परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालो. मुलाखतीला समोर तिघेजण होते. ‘स्वतःविषयी सांगा,’ एवढेच त्यांनी म्हटले. मी नाव सांगितले, गाव सांगितले आणि पुढे शब्दच फुटेना. नंतरच्या प्रश्नाचे उत्तर मला चांगले ठाऊक होते, तरी घशाला कोरड पडली. माझी निवड झाली नाही. घरी वडिलांना ‘प्रश्न फार अवघड होते’ असे सांगितले. प्रश्न अवघड नव्हते. त्यानंतर वर्षभर दर रविवारी वस्तीतील वाचनालयात चार मित्रांपुढे उभा राहून बोललो, तेव्हा दुसऱ्या खेपेस निवड झाली.

आता लिपिक भरतीला मुलाखत नाही. केंद्र सरकारने २०१६ पासून खालच्या श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या व सरकारी बँकांच्या लिपिक भरतीतही तसेच झाले. म्हणून बोलण्याची गरज संपली असे समजू नये. बँक अधिकारी पदासाठी आजही १०० गुणांची मुलाखत आहे व अंतिम यादीत लेखी आणि मुलाखत यांचे प्रमाण ८०:२० असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे आहेत. दोन-चार गुणांनी जेथे नाव यादीतून सुटते, तेथे हे गुण कमी म्हणता येणार नाहीत.

आणि नोकरीचेच कशाला? काउंटरवर बसून मी रोज पाहतो. एखादा पदवीधर मुलगा येतो, ‘साहेब, लोनचं विचारायचं होतं’ म्हणतो आणि गप्प होतो. गर्दी असते. ‘उद्या या’ असे उत्तर मिळते आणि तो निघून जातो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. नियम त्याच्या बाजूचा असतो, पण तो त्याला मागता येत नाही. ‘मला अमुक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे, फी इतकी आहे, अर्ज कोणाकडे द्यावा?’ एवढे तीन वाक्यांत बोलता आले असते, तर त्याचे काम पुढे सरकले असते. आमच्या बाजूनेही नीट विचारपूस व्हायला हवी, हे मी मान्य करतो. परंतु समोरचा आपल्याला बोलते करील या भरवशावर राहता येत नाही.

काहीजण म्हणतात, वक्तृत्व ही उपजत देणगी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक उदाहरण येथे आठवावे. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचे नाव अचानक पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस नावे आहेत अशी बाबासाहेबांची समजूत होती. तयारी करून येता आले असते तर बरे झाले असते, असे त्यांनी सभागृहाला सांगितले आणि लगेच मूळ विषयाला हात घातला. देश एकसंध राहावा यासाठी सर्वांना बरोबर घ्यावे, हा त्या भाषणाचा गाभा होता. त्या दिवशी हातात टिपण नव्हते, पण पाठीशी अनेक वर्षांची मेहनत होती. १९१८ पासून सिडनहॅम महाविद्यालयात शिकविणे, १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष, न्यायालयातील युक्तिवाद, १९३० पासूनच्या गोलमेज परिषदा, या सर्वांतून ती वाणी घडली होती. १९४६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसदही भरत असे.

मग आपण काय करावे? मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी सांगतो.

१) रोज वर्तमानपत्रातील एक अग्रलेख मोठ्याने वाचावा. नंतर पेपर मिटून त्याचा सारांश तीन मिनिटांत सांगावा.

२) संपूर्ण भाषण पाठ करू नये. एक ओळ विसरली की सगळेच विसरते. चिठ्ठीवर चार मुद्दे लिहून त्यांवर बोलावे.

३) मोबाईलवर स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ऐकावे. प्रथम लाज वाटते, पण आपल्या चुका आपल्यालाच कळतात.

४) आधी प्रश्न पूर्ण ऐकून घ्यावा. उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही’ असे सरळ सांगावे. त्यात कमीपणा नाही. थापा मात्र लगेच ओळखू येतात.

५) इंग्रजीचा सराव अवश्य करावा, पण विचार आधी मराठीत स्पष्ट असावा. घरच्या बोलीची लाज बाळगू नये. आपल्या आया-आज्या त्याच बोलीत भांडून हक्काचे पाणी आणि रेशन मिळवीत आल्या आहेत. त्यांना बोलता येत नव्हते असे कोण म्हणेल? सभेत प्रमाण मराठी वापरावी, पण ती शिकताना बोलीतला ठामपणा हरवू नये.

एक सूचना संस्थेच्या ज्येष्ठ सभासदांसाठीही आहे. आपल्या कार्यक्रमांत व्यासपीठावर नेहमीचेच वक्ते बोलतात आणि मुले खुर्च्या मांडतात. दर कार्यक्रमात दोन विद्यार्थ्यांना पाच-पाच मिनिटे द्यावीत. ती अडखळली तर हसू नये. महिन्यातून एका रविवारी नोकरीत असलेल्या सभासदांनी त्यांची सराव-मुलाखत घ्यावी. याला पैसा लागत नाही. सभागृह आपलेच आहे.

मित्रांनो, मुलाखतीच्या खोलीत माझे तोंड पहिल्यांदा बंद पडले, त्याची किंमत एका वर्षाची होती. तुमची पहिली अडखळण येथे, आपल्या माणसांत होऊ द्या. येथे तिची किंमत काहीच नाही.