संगणक दुरुस्तीच्या नावाने येणारे फोन : एक अभ्यास

"मी मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय. तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे." असे फोन अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांतील लोकांना, विशेषतः वृद्धांना, अनेक वर्षांपासून येत आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा प्रकरणांत कारवाई जाहीर केली. त्यांतील बहुतेक टोळ्या भारतात बसून काम करीत होत्या. म्हणूनच हा विषय परका समजून सोडून देता येत नाही.

ही फसवणूक चालते कशी? फोन करणारा इसम प्रथम संगणकातील 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडावयास सांगतो. तेथे लाल-पिवळ्या खुणांची भलीमोठी यादी दिसते आणि माणूस घाबरतो. वस्तुतः ती संगणकाची रोजनिशी होय. एखादा प्रोग्राम उशिरा सुरू झाला, प्रिंटर सापडला नाही, अशा किरकोळ नोंदी उत्तम चालणाऱ्या संगणकातही शेकड्यांनी असतात. काही जण पुढे एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवितात व म्हणतात, "हा तुमच्याच संगणकाचा क्रमांक, पडताळून पाहा." क्रमांक तंतोतंत जुळतो. जुळणारच! तो विंडोजच्या सर्व संगणकांत एकच असतो. आमच्या मते खरी मेख येथेच आहे. दाखविलेली वस्तू खरी असते, अर्थ तेवढा खोटा सांगितला जातो. म्हणून शिकलेला माणूसही फसतो. त्याला अडाणी म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल.

त्यानंतर दुरून संगणक हाताळण्याचे सॉफ्टवेअर बसवून घेतात आणि 'दुरुस्ती'चे पैसे उकळतात. आपल्याकडे हाच डाव मोबाइलवर, "बँकेतून बोलतोय, तुमचे केवायसी अपुरे आहे" असे म्हणून खेळला जातो. एनीडेस्क ॲपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते.

विद्यार्थ्यांना मात्र आम्हांला वेगळेच सांगावयाचे आहे. फोनच्या या टोकाला बसणारी मुले कोण असतात? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथून लोकांना धमकावले जात होते. त्या रात्री शेकडो तरुण कर्मचारी ताब्यात घेतले गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-२' मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींचाही त्यात समावेश होता. इंग्रजी बऱ्यापैकी येते, नोकरी तातडीने हवी आहे, अशा आपल्या मुलांनी कॉल सेंटरच्या मुलाखतीत दोन प्रश्न जरूर विचारावेत : फोनवर खोटे नाव घ्यावे लागेल का? आणि कोणत्या कंपनीच्या वतीने बोलावयाचे, तिचा करार कोठे आहे?

कोणतीही मोठी कंपनी आपणहून फोन करून व्हायरस कळवीत नाही. तेव्हा असा फोन सरळ ठेवून द्यावा. संगणकाचा ताबा दिला गेलाच असेल तर इंटरनेट ताबडतोब तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असल्यास वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.